जांबगाळी रिकामी करायचा तक्ता

जांबगाळी,
दि. १२ जून २०२४

चि. परशराम यास,
बाळाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने झाले तुझं पत्र न्हाई. कान गेले म्हणून फोन जमत न्हाई, कबूल. पण हात तर धड हायत न्हवं? निपाणीला लेकाच्या घरात बसून दिवसभर पेपर वाचतोस, बहिणीला चार ओळी लिहायला काय धाड भरली? असो. थोरली हाय म्हणून बोलते, राग मानू नको.

आता कामाचं. गावाच्या मावळतीला तो बर्फाचा कारखाना झालाय, तुला ठाऊक हाय. गेल्या महिन्यात तिथनं असला वास सुटला की शेवटच्या घरातला भावकू डोळे चोळत चोळत आमच्या दारात आला. पोरांनी तक्रार केली. मग बेळगावहून साहेब आले, शाळेत मिटिंग घेतली. म्हणाले, कारखान्यात अमोनिया असतोय, तो कधी फुटला तर काय करायचं ते गावानं आधीच ठरवून कागदावर लिहून द्यायचं. कागद सगळे कन्नडात, साहेब बोलले हिंदीत, म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. तवा आपली नीलम उठली आणि सगळं मराठीत सांगितलं. झालं! पंचायतीची मेंबर हाय आणि वर तोंडही उघडलं, मग काम तिच्याच गळ्यात पडलं.

तीन आठवडे घरोघर फिरून तिनं तक्ता केलाय. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाला चालता येत न्हाई, त्याला कोण उचलणार, जनावरं किती. सौरव म्हणतोय, आई, तुझ्या सुनेनं माझाबी रकाना केलाय. मी तिला म्हटलं, अगं एवढा घोर कशाला? आपण दर तीन वर्षांनी वैशाखात मंगळवारी गाव बाहेर काढतोयच की. चुली विझवायच्या, दारं लावायची, उगवतीच्या आमराईत जाऊन सैपाक करायचा, दिवस बुडाल्यावर परत. देवीसाठी जमतंय ते वासासाठी जमंना व्हय? आणि शेवटी आमच्या घरची बाई कडूलिंबाचा डहाळा घेऊन दारोदार जाते, तो मान हायच. डहाळा दारावर आपटला की आत कुणी राहत न्हाई. कुणी हट्टानं बसलाच तर मी त्याच्या उंबऱ्यावर बसते, मग तोच कंटाळून उठतोय.

नीलमला ते पटलं. शेवटचा रकाना तिनं केलाय, "गाव रिकामं झाल्याची खात्री कोण करणार", त्यात माझं नाव हाय. तू तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मशिनी चालवल्यास, म्हणून तक्ता तुला धाडते. तपासून दे.

पावसाळ्यात छाती सांभाळ. आमची आठवण ठेव, दुसरं काय मागणार.

तुझी,
आक्का


निपाणी,
दि. १८ जून २०२४

ती. आक्का हिस,
परशरामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. शिव्या पोचल्या. तक्ता चारदा वाचला आणि त्या दिवशी जेवण गोड लागलं न्हाई. सून विचारत होती काय झालं, तिला काय सांगणार?

नीलमनं काम चोख केलंय, तिला माझा आशीर्वाद सांग. पण आक्का, आमराईत जायचं न्हाई. जीव गेला तरी न्हाई. म्हणजे तिथं गेलात तर जीवच जाईल, असं म्हणतोय मी. वैशाखात वारा कसाबी असो, जेष्ठापासनं भाद्रपदापर्यंत तो मावळतीकडनं येतोय. कारखान्यावरनं गावावर, गावावरनं आमराईवर. तुम्ही पळणार तिकडंच तो गॅस तुमच्या मागनं येणार, आणि त्याला धाप लागत न्हाई. टाकीतनं एकदम सुटला तर थंड पांढरा ढग होऊन जमिनीलगत सरकतोय, मी डोळ्यानं बघितलाय. अशा वेळी वाऱ्याला आडवं जायचं असतंय. तुमच्याकडं आडवी वाट एकच, स्मशानाच्या गल्लीतनं वर माळावर. नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. डोळ्याला लागला तर चोळायचं न्हाई, भरपूर पाणी मारायचं.

दुसरं तुझ्या नावाचं. देवीच्या दिवशी शेवटी निघणाऱ्याला मान मिळतोय. गॅसच्या दिवशी शेवटी निघणारा मरतोय. एवढं सरळ लिहितो, कारण तुला आडवळणानं सांगून समजत न्हाई. तुझं वय एकोणसत्तर. ते नाव काढ.

पत्राची वाट बघतो. जीव टांगणीला लावू नको.

तुझा,
परशराम


जांबगाळी,
दि. ५ जुलै २०२४

चि. परशराम यास आशीर्वाद. वि. वि.

मोठा शहाणा झालास! तो डहाळा चाळीस वर्षं माझ्या सासूनं धरला, तिच्या मागं मी. तू म्हणतोस म्हणून सोडू? मी दारात गेल्याशिवाय माणसं हलत न्हाईत. साहेबाला कितीबी शिट्ट्या मारू देत.

त्या शिट्ट्यांचंच सांगते. गेल्या शुक्रवारी सराव झाला. कारखान्यानं नवा भोंगा बसवलाय, तो वाजला की बारा मिनिटांत गाव रिकामं, असं ठरलेलं. नीलमनं तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, माळावर जायचं म्हणून. माना डोलावल्या सगळ्यांनी. आणि भोंगा वाजल्यावर? बायांनी पीठ घेतलं, कुणी तवा घेतला, कुणी देव्हाऱ्यातले देव घेतले, आणि सगळं गाव निघालं ते थेट आमराईत! नीलम स्मशानाच्या गल्लीच्या तोंडाला हात हलवत एकटीच उभी. कोण जातंय तिकडनं? नव्या नवऱ्या, पोटुशी बाया, कडेवर लेकरं. मढ्याच्या वाटेनं जित्या माणसांनी जायचं न्हाई, हे दुधाबरोबर प्यालेली माणसं ती. आमराईत पोचल्यावर सवयीनं चुली मांडल्या. साहेबालाबी झुणका-भाकरी वाढली. त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि कागदावर "समाधानकारक" लिहून गेला.

हसून हसून पोट दुखलं. पण नीलम घरी येऊन रडली रं. म्हणाली, आत्ती, हा खरा दिवस असता तर मी आज सगळं गाव वाढून ठेवलं असतं गॅसच्या पुढ्यात. तवापासनं भोंग्याकडं बघितलं की माझंबी हसू जातंय.

तूच सांग, ह्यांना माळावर कसं न्यायचं? पण माझ्या मानाचं मात्र परत काढू नको.

तब्येत जप. माया कमी करू नको.

आक्का


निपाणी,
दि. ११ जुलै २०२४

ती. आक्का हिस सा. न. वि. वि.

तुला एक कधी सांगितलं न्हाई, आता सांगतो. मी कारखान्यात होतो तवा नागेंद्र म्हणून माझा जोडीदार होता. माझ्यापेक्षा जाणता. एकदा पाइप फुटला, आम्ही सगळे बाहेर आलो, आणि आत कोण राहिलं का बघतो म्हणून तो एकटा माघारी वळला. आत कुणीबी नव्हतं. आम्ही बाहेर माणसं मोजली होती, पण त्याला सांगायच्या आधी तो गेलता. दारापासनं चार पावलांवर सापडला. हुशार माणूस, ओलं फडकं तोंडाला बांधलेलं. फडक्यानं वास अडतोय गं, ढग अडत न्हाई.

तू विचारतेस ह्यांना माळावर कसं न्यायचं. उत्तर तूच लिहिलंयस. तू दारात गेल्याशिवाय माणसं हलत न्हाईत. मग तू पुढं हो. भोंगा वाजला की सगळ्यांच्या आधी स्मशानाच्या गल्लीत तू पाऊल टाक. मानाची बाई मढ्याच्या वाटेनं गेली तर बाकीच्यांना तोंड राहत न्हाई, मागनं येतील. ते शिट्टीला यायचे न्हाईत, साहेबाला यायचे न्हाईत, तुला येतील.

सोबत तक्ता परत धाडतोय. आमराई खोडून माळ लिहिलंय. शेवटच्या रकान्यातलं तुझं नाव लाल पेनानं खोडलंय. आईची शपथ हाय तुला आक्का. पुढं जायचं, आणि एकदा वर गेलीस की खाली उतरायचं न्हाई. आईची शपथ मी आजवर कधी घातली न्हाई.

एवढं ऐक. माझ्या मागंपुढं आता तुझ्याशिवाय कोण हाय त्या काळातलं?

परशराम


जांबगाळी,
दि. २२ जुलै २०२४

चि. परशराम यास आशीर्वाद. वि. वि.

शपथ घालून मोकळा झालास. लहानपणापासनं तुझं असंच, हरायला लागलास की आईला मधी घ्यायचं.

बरं. पुढं जाईन. मी देवळात बसून सगळ्यांना सांगितलं, भोंगा वाजला की मी स्मशानाच्या गल्लीनं निघणार, ज्याला जगायचं त्यानं मागनं या. भावानं आईची शपथ घातलीया, वरनं खाली यायचं न्हाई, हेबी सांगितलं. मालुबाई म्हणाली, सुनेला सातवा महिना लागलाय, तिला तिकडनं कशी न्यायची? मी म्हटलं, माझा पदर धरून चालू दे, भूत आलं तर आधी मला धरंल, आणि माझ्याशी भांडून ते दमंल. हसले सगळे.

तक्ता नीलमकडं दिला. तिनं बराच वेळ बघितला आणि कपाटात ठेवला.

कारखान्याकडं तोंड करून झोपायची सवय लागलीया. रोज नाकानं वास घेत उठते. देव करो आणि तो तक्ता कपाटातच कुजो.

आमच्यावर लक्ष असू दे.

आक्का


बेळगाव, दवाखाना,
दि. २४ ऑगस्ट २०२४

परशराम,

आशीर्वाद. पेपरात वाचलं असशील. गावातलं कुणी मेलं न्हाई. हे आधी लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडंल.

मंगळवारी तीनच्या सुमाराला भोंगा झाला. नाकात असा झणका की डोळ्यापुढं अंधारी. मी पदर घागरीत बुडवला, तोंडाला लावला आणि निघाले. गल्लीच्या तोंडाला सगळी थबकली. मी मागं बघितलं न्हाई. दहा पावलं गेले, मग मालुबाईच्या सुनेनं माझा पदर धरला, आणि मग पायांचा आवाज आला, सगळ्या गावाचा. कोण रडत होतं, कोण देवीचं नाव घेत होतं, पण चालत होती. माळावर पोचून खाली बघितलं तर आमराईत पांढरा ढग बसलेला. झाडांची खोडं दिसत नव्हती. तिथं गेलो असतो तर हे पत्र लिहायला कोण उरलं नसतं. तुझं वाऱ्याचं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं.

मग तक्त्यातली घरं आठवून एकेकाला हाक मारली. सगळ्यांनी ओ दिली. भावकूचं घर आलं, ओ न्हाई. आपलं घर आलं. सौरव कामावर गेलता. मी नीलम म्हणून हाक मारली. मला वाटलेलं ती शाळेच्या पोरांबरोबर हाय. मास्तरीण म्हणाली, पोरं तिनं गल्लीपर्यंत आणून सोडली आणि लिंबाची फांदी मोडून माघारी गेली.

मी खाली धावले. मालुबाईनं आणि तिच्या जावेनं मला कमरेला धरलं. म्हणाल्या, आईची शपथ हाय न्हवं तुला? मीच सांगितलेलं रं त्यांना! मी त्यांना चावले, परशराम. ह्या वयात माणसांना चावले. सोडलं न्हाई.

अर्ध्या तासानं अग्निशामकवाल्यांनी तिला आणि भावकूला आणलं. सगळी दारं आपटून ती शेवटच्या घरी गेली, तर भावकू म्हशी सोडत बसलेला. दाव्याची गाठ सुटंना. हिनं आपलं ओलं फडकं त्याच्या तोंडाला बांधलं आणि विळ्यानं दावी कापली. तेवढ्यात वाऱ्यानं ढग दारात आणला. भावकू खोकतोय पण बरा हाय. एक म्हैस मेली. नीलमच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी हाय. उजवा येईल म्हणतात. डाव्याचं डॉक्टर कायबी सांगत न्हाईत, नुसतं बघू म्हणतात.

मी तिच्याशी बोलत न्हाई. पाणी पाजते, केस विंचरते, थेंब घालते, बोलत न्हाई. मला न विचारता माझा मान घेतला तिनं. लोकांना मी असंच सांगते. खरं म्हणजे तोंड उघडलं की रडू येतंय, आणि तिनं ते ऐकलं तर तिच्याबी डोळ्यात पाणी येईल. डॉक्टर म्हणालेत, डोळ्याला पाणी येऊ देऊ नका.

मला जगवलंस. आता ह्या जगण्याचं काय करू ते लिही.

आक्का


बेळगाव,
दि. २९ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
नीलमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र यांच्या हातून लिहवून घेते आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे. (हे वाक्य लिहायला हे तयार नव्हते.) माझी काळजी करू नका. आग कमी झाली आहे. पट्टीतून उजेड कळतो, उजव्या बाजूला जास्त.

आत्ती माझ्याशी बोलत नाहीत. पाणी पाजतात, केस विंचरतात. पण एक शब्द नाही. त्यांना वाटतं मी त्यांचा मान हिसकावून घेतला. मामा, तुम्ही त्यांना समजावून लिहा. तसं काही नव्हतं.

तुमच्याकडून तक्ता परत आला तेव्हा मी शेवटचा रकाना बघितला. आत्तींचं नाव खोडलेलं होतं आणि दुसरं लिहिलेलं नव्हतं. गडबडीत तुमच्या हातून राहून गेलं असेल. मी तिथं कुणाचं तरी नाव घालायला बसले. पंचायतीच्या शिपायाचं, यल्लाप्पाचं लिहू म्हटलं, तर त्याला तीन लेकरं. पोरांपैकी कुणाचं लिहावं, तर त्याच्या आईला जाऊन काय सांगू? मामा, आठ दिवस पेन घेऊन बसत होते. दुसऱ्या कुणाचं नाव तिथं लिहिता येत नाही हो. मग लिहिलं नाही, नुसतं ठरवलं. आत्तींना सांगितलं असतं तर त्या शपथ मोडून मागं राहिल्या असत्या.

त्या दिवशी मी फार भ्याले होते. शूर वगैरे काही नाही. प्रत्येक दारावर फांदी आपटताना मनात म्हणत होते, कुणी असू नये, कुणी असू नये. भावकूकाका दिसले तेव्हा मला त्यांचा राग आला. ते मला अजून बोचतं.

तुमचा लोभ आहेच, तो आत्तींकडे वळवा थोडा.

तुमची,
नीलम


निपाणी,
दि. २ सप्टेंबर २०२४

ती. आक्का हिस सा. न.

पाकिटावर तुझं नाव घातलंय, पण पत्र नीलमचं हाय. सौरवला वाचायला देऊ नको. तिच्याजवळ बसून तू मोठ्यानं वाच. मधी थांबू नको, एक ओळ गाळू नको. तुला आता शपथ घालायचा हक्क मला राहिला न्हाई, म्हणून नुसतं मागतो.

चि. सौ. नीलम हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरी, तू लिहिलंस की मामांच्या हातून राहून गेलं असेल. राहून गेलं न्हाई.

आक्काचं नाव खोडलं आणि अर्धा तास पेन हातात धरून बसलो. त्या रकान्यात पहिलं नाव माझ्या मनात आलं ते तुझंच. आक्काच्या मागं मान तुझा, आक्का पुढं गेली की मागं तू राहणार, हे मला उन्हासारखं लख्ख दिसत होतं. पण तुझं नाव लिहिलं असतं तर आक्कानं तक्ता फाडला असता आणि स्वतः मागं राहिली असती. म्हणून मोकळा ठेवला. मोकळा ठेवला तर ती जगेल, एवढंच बघितलं. मागं कोण राहतंय ते मला कागदावर बघायचं नव्हतं. मला माझी आक्का पायजे होती. तुला ओलीस ठेवून मी तिला सोडवून घेतलं, आणि वर वाऱ्याचं ज्ञान शिकवलं.

तिथं काय लिहायला पायजे होतं तेबी मला तीस वर्षं ठाऊक हाय. पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मास्क, असली कारखान्याची शिकलेली दोन माणसं. गावातली कुणाची सून न्हाई, पोरगा न्हाई, यल्लाप्पाबी न्हाई. त्यासाठी कारखान्याशी भांडावं लागलं असतं, दहा खेटे घालावे लागले असते. मला बहिणीला शपथ घालणं सोपं वाटलं.

येत्या सोमवारी लेकाला घेऊन येतोय. आधी दवाखान्यात, मग कारखान्यात. मास्कवाली दोन नावं मॅनेजरच्या हातानं त्या रकान्यात लिहून घेतल्याशिवाय मी निपाणीला परतणार न्हाई. त्यानं तुझा डोळा परत येणार न्हाई, हे मला समजतंय.

आक्का, इथपर्यंत वाचलंस ना? तर ऐक. तुझा मान तिनं घेतला न्हाई, तिच्या गळ्यात तो मी टाकला. आता कागद खाली ठेव आणि तिच्याशी बोल. रडू आलं तर पट्टीवर हात धर, पण बोल.

लोभ असू द्या असं लिहायला या खेपेला हात धजत न्हाई. तुमच्या दोघींत तो राहू दे.

परशराम